कलशाखालचे साचे

सव्वा महिन्यापासून शिवराजची पिकअप गाडी एकाच ठिकाणी बंद व्हायची, ती म्हणजे घरासमोरच्या उतारावर. बाकी तो कुठेही गेला तरी इंजिन चालूच. न्हाव्याकडे दाढीला बसला तरी गाडी बाहेर घरघरत उभी. न्हावी वैतागून म्हणायचा, “आधी ते बंद कर बाबा, इथं माझा वस्तरा थरथरायलाय.” उतार नसला तर बंद केलेली गाडी परत चालू होईल याची खात्री नव्हती. म्हणून शिवराज गालाला साबण लावून अर्धं लक्ष आरशात आणि अर्धं रस्त्यावर ठेवून बसायचा.

गाडीत दोष तसा मोठा नव्हता. बॅटरीपासून सेल्फ स्टार्टरपर्यंत जी जाड केबल जाते, तिच्या टोकाला तांब्याचा लग असतो. एका बाजूने नळी, दुसऱ्या बाजूने बोल्टाचं भोक. तो लग आतून हिरवा पडून ढिला झाला होता. औरादच्या हणमंतप्पा इलेक्ट्रिशियनने छिन्नी-हातोड्याने ठोकून तो बसवून दिला, तर पंधरा दिवसांत परत तीच रड. तेव्हा शिवराजने जाहीर केलं की आता केबल मी स्वतः बनवणार. नवी केबल आली, नवे लग आले. लग दाबायच्या हत्याराशी येऊन मात्र सगळं घोडं अडलं.

कारण हत्यारं तीन प्रकारची. एक हातोडीने ठोकायचं, स्वस्त आणि आटोपशीर. दुसरं लांब दांड्यांचं, झाडं छाटायच्या कात्रीसारखं, अंगाच्या जोरावर चालणारं. तिसरं हायड्रॉलिक. त्याचा दांडा हलवला की तेलाच्या दाबाने जबडा मिटतो, आणि जबड्यात केबलच्या जाडीप्रमाणे पोलादी साचे बसवावे लागतात. प्रत्येक साच्यावर त्याचा नंबर. गावातले गुंडेराव काका बस डेपोत तीस वर्षं इलेक्ट्रिशियन होते. त्यांना विचारलं, तर त्यांनी अर्ध्या मिनिटात निकाल दिला होता. “हायड्रॉलिक घे. साच्यांचा डबा पुरा हाय का बघ. झालं.”

पण ‘झालं’ या शब्दाशी शिवराजचं जन्माचं वैर. त्याने मोबाईलवर व्हिडिओ बघायला सुरुवात केली. एक माणूस म्हणायचा ठोकायचंच बरं, दुसरा म्हणायचा ठोकलेलं टिकत नाही, तिसरा दाबून वर कथलाचा डाग द्या म्हणायचा आणि चौथा, डाग अजिबात देऊ नका. शिवराजने ठोकायचं मागवलं आणि परत पाठवलं. लांब दांड्यांचं मागवलं, ते खोकं न फोडताच परत पाठवलं. आणून देणारा माणूस आता फाटकातूनच विचारायचा, “ठेवून घेताव की घेऊन जाऊ?” बायको, मंजुश्री, हसायची. मग हसायचीही थांबली.

कारण मंजुश्रीचा झेंडू फुलायला लागला होता. एकरभर रान, सोयाबीन मोडून लावलेलं, तिच्या हट्टाने. दोन वर्षं ती झेंडू लावू म्हणत होती आणि दोन वर्षं शिवराज एकच उत्तर देत होता, “मायला चालणार न्हाई.” यंदा तिने कुणाला विचारलंच नाही. माहेरी हुलसूरला गेली आणि येताना रोपांचे ट्रे घेऊन आली, ओसरीवर मांडले. सासू, चंद्रभागाबाई, ट्रेकडे बघून काही बोलल्या नाहीत. मंजुश्रीला वाटलं, म्हातारीने राग गिळला.

आता खरी गोष्ट सांगायला हवी. चंद्रभागाबाईंना राग आलाच नव्हता, कारण त्यांना दोन वर्षांत झेंडूचं कुणी विचारलंच नव्हतं. शिवराजला एखादी गोष्ट ठरवता आली नाही, की तो आईच्या पदराआड उभा राहायचा. आईला न कळवता. बायकोला म्हणायचा, मायला चालणार नाही. आणि आईने दुसरी म्हैस घेऊ म्हटलं, की आईला म्हणायचा, मंजूला शेणाचा लई कंटाळा हाय. दोघी बिचाऱ्या समजूतदार. एकमेकींना तोंडावर विचारून वाद कशाला वाढवा, म्हणून गप्प राहायच्या आणि मनात घट्ट गाठ मारून ठेवायच्या. घर शांत होतं. शिवराजला त्या शांततेचा थोडा अभिमानही होता.

तर झेंडू. खंडेनवमीला आणि दसऱ्याला झेंडू लागतो, आणि दसरा झाला की त्याला कुणी विचारत नाही. बीदरच्या व्यापाऱ्याने मंजुश्रीला फोनवर बजावलं होतं की नवमीला सकाळी दहाच्या आत माल आला पाहिजे, दुकानांतल्या पूजा दुपारपर्यंत उरकतात. अष्टमीला सकाळपासून तिघांनी फुलं तोडली. पोरं हुलसूरला आजोळी होती, तेवढी एक निवांती. त्याच दिवशी दुपारी शिवराज बीदरला सुतळी आणायला म्हणून गेला, आणि मंजुश्रीने “आज हत्यार आणलं न्हाई तर घरी येऊ नका” असं सांगितल्यामुळे हायड्रॉलिक घेऊनच आला. लाल पेटीत ते हत्यार आणि एक चपटा लोखंडी डबा, त्यात साच्यांच्या जोड्या. केबल संध्याकाळीच बनवायची. पण त्याला वाटलं, डाग द्यायचा की नाही तेवढं एकदा बघून घ्यावं. बघता बघता अंधार पडला. मग त्याला वाटलं, सकाळी उतारावरून निघेलच की गाडी.

सकाळी सहा वाजता तीस क्रेट झेंडू गाडीत चढला. शिवराजने किल्ली फिरवली. काहीच नाही. दिवाही लागला नाही. बॉनेट उघडून केबलला हात लावला, तर लग बोल्टावर तसाच राहिला आणि केबल हातात आली. पार तुटली होती.

“ढकलायची का?” मंजुश्रीने विचारलं.

“ढकलून काय व्हणार? करंटच न्हाई पुढं.”

त्याने तांब्याच्या तारेने केबल बोल्टाला आवळून बघितली. किल्ली फिरवताच तार तापून लाल झाली, धूर निघाला आणि त्याचं बोट भाजलं. बोट तोंडात घालून तो घरात पळाला, नव्या हत्यारासाठी. आणि ओसरीच्या दारात थबकला.

चंद्रभागाबाईंची पूजा मांडून झाली होती. शेणाने सारवलेल्या जागेवर विळे, खुरपी, कुऱ्हाड, गाडीचे पाने, जॅक, मंजुश्रीच्या शिलाई मशीनचं डोकं, सगळं ओळीने बसलेलं. आणि मधोमध, मानाच्या जागी, नवं कोरं हायड्रॉलिक हत्यार. दांड्यांवर हळदीकुंकवाची बोटं, जबड्यावर झेंडूचं फूल. कलश नीट टेकावा म्हणून आईने सपाट बूड शोधलं होतं, आणि ते तिला साच्यांच्या डब्यात सापडलं होतं. डब्यावर तांब्या, तांब्यात पानं, पानांवर नारळ.

नवमीला पूजेला बसवलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलत नाहीत. औरादकडच्या कुणालाही विचारा. शिवराज काही न विचारता तसाच मागे फिरला.

“हत्यार?” मंजुश्री म्हणाली. ती क्रेटवर पाणी शिंपडत होती.

“पूजेत बसलंय.”

“मग मागा की आत्याला.”

“माय न्हाई म्हणंल.”

मंजुश्रीने पाण्याचा तांब्या आपटला. “त्यांच्या तोंडून कवा व्हय निघालंय ह्या घरात!”

शिवराजने मोटारसायकल काढली आणि औराद गाठलं. रस्त्यात ट्रॅक्टर भेटले, ट्रक भेटले, सगळे धुतलेले, हार घातलेले, आणि सगळे उभे. फुलं नेणाऱ्या गाड्या पहाटेच गेलेल्या. हणमंतप्पाच्या दुकानात पाना-पक्कडीपासून वेल्डिंगच्या मशीनपर्यंत सगळ्याला कुंकू लागलेलं आणि हणमंतप्पा नव्या लुंगीत.

“नुसतं दोन टोकं ठोकून दे अण्णा. पाच मिनिटं.”

“आयुध पूजा हाय रे. आज देवानं गाडी आणली तरी पाना उचलत न्हाई मी.” वर त्याने शिवराजच्या हातावर चुरमुरे ठेवले. “खा. उद्या ये.”

चुरमुरे खिशात टाकूनच शिवराज परत आला. गुंडेराव काकांकडे हत्यारं पूजेला बसत नाहीत हे त्याला उशिरा आठवलं. तो त्यांच्या दाराशी गेला, तर कुलूप. काका धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी सगळ्या घरादाराला घेऊन आदल्याच दिवशी नागपूरला निघाले होते. साडेआठ वाजले. घरासमोर मंजुश्री तशीच उभी होती, ओला पदर डोक्यावर घेऊन. ऊन चढत होतं आणि क्रेटच्या तळाशी फुलं गरम व्हायला लागली होती. तिने खालचं एक फूल काढून त्याच्यापुढे धरलं. पाकळ्या तपकिरी पडत होत्या.  त्यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

मग त्याच्या डोक्यात भलतंच आलं. आई मागच्या अंगणात म्हशीपाशी गेल्याची चाहूल लागली, तसा तो चप्पल काढून ओसरीत शिरला. हत्याराच्या जबड्यावरचं फूल त्याने हळूच खाली ठेवलं, हत्यार उचललं, त्याच्या मोकळ्या जागी फूल ठेवलं आणि एखादा चोर पळावा तसा पळत सुटला. चाळिशीचा बाप्या, स्वतःच्या घरात. दारापुढच्या लिंबाखाली येऊन बघतो, तर दोन्ही तळहात कुंकवाने लाल.

त्याने केबलचं टोक सोललं, तांब्याच्या तारा लगात सारल्या, लग जबड्यात धरला आणि दांडा मारायला लागला. जबडा मिटला, कट्ट वाजलं. त्याने दाब सोडला आणि केबल ओढून बघितली. लग नुसता घसरून हातात आला. परत दाबलं, परत तेच. तिसऱ्यांदा त्याच्या कपाळावरून घाम लगावर टपकला.

त्याने गुंडेरावांना फोन लावला. मागे रेल्वेचा खडखडाट आणि बायकांचा गलका.

“काका, दाबून बी लग निघायलाय!”

“साचा कुठला बसवलास?”

“साचा? दुकानदारानं बसवून दिल्ता तोच.”

“नंबर वाच की.”

त्याने कुंकू पुसून नंबर वाचला. “एकशेवीस.”

“आन् केबल?”

“सत्तर.”

 “लेका, मोठ्या भोकात बारकी नळी कशी दबंल? डब्यातला सत्तरचा जोड काढ. दोन मिनिटांचं काम हाय.”

फोन बंद झाला. डबा कलशाखाली होता.

शिवराज लिंबाच्या बुंध्याला टेकला. त्याला खरोखर रडू यायला लागलं. हत्यार पळवता येतं, पण देवाचा तांब्या उचलून डबा काढायचा म्हणजे त्याची छाती होईना. आणि विचारायचं म्हटलं तर पाय उचलेना. इतकी वर्षं आईच्या नावाने इतके नकार देऊन झाले होते, की आता आई खरंच नाही म्हणेल असं त्यालाच वाटायला लागलं होतं.

“काय झालं?” मंजुश्री येऊन उभी राहिली.

“साचे डब्यात हायत. डबा कलशाखाली.”

“मीच इचारते.”

“नको!” तो इतक्या जोराने ओरडला की मागची कोंबडी फडफडली. “तू नको. मी बघतो. थांब जरा.”

“किती थांबू? नऊ वाजले.” ती निघालीसुद्धा.

त्याने तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला. त्याला दोन गोष्टी दिसत होत्या. एक, ओसरीत शिरणारी मंजुश्री. दुसरी, गाडीत सडायला लागलेला तीस क्रेट झेंडू. मंजुश्रीला अडवलं तर झेंडू जातो, आणि नाही अडवलं तर त्याचं काय काय जातं ते त्याला मोजता येईना. तो हत्यार हातात घेऊन तिच्यामागे धावला.

चंद्रभागाबाई पूजेसमोर बसून वाती वळत होत्या.

“आत्या,” मंजुश्री दारातूनच म्हणाली. आवाज भांडायच्या तयारीचा. “कलशाखालचा डबा पायजे. गाडी बंद पडलीय, फुलं वाया जायलीत. तुमाला चालत नसलं तरी पायजे.”

चंद्रभागाबाईंनी मान वर केली. “मग घे की. त्यात इचारायलीस काय?”

मंजुश्री जागच्या जागी थांबली.

म्हातारीने चिमूटभर अक्षता घेतल्या, कलशावर टाकल्या, हात जोडले आणि तांब्या दोन बोटं सरकवला. “झालं. हलवलं की उठली पूजा. तुझा सासरा असताना एकदा नवमीलाच इहिरीवरची मोटार जळल्ती, तवा बी असंच केल्तं.” तिने तांब्या उचलून बाजूला ठेवला आणि डबा सुनेच्या हातात दिला. मग तिची नजर शिवराजच्या लाल हातांवर गेली. “आन् तू मघाशी हत्यार पळवलास, तवा बघितलं मी खिडकीतून. म्हणलं, हा असा चोरावानी कामून करायलाय?”

“माय, मला वाटलं तू न्हाई म्हणशील.”

“मी?” चंद्रभागाबाईंना खरंच नवल वाटलं. “मी कवा न्हाई म्हणलं रे तुला?”

 मंजुश्रीने नवऱ्याकडे बघितलं नाही. तिने सासूकडे बघितलं, पहिल्यांदा बघावं तसं.

“आत्या, झेंडूला दोन वर्सं तुमी न्हाई म्हणल्ता न्हवं?”

“झेंडूला? मला तर रोपं ओसरीवर आली तवा कळलं. चांगलं केलंस म्हणायचं व्हतं, पण तू आल्यापासून तोंड फुगवून. म्हणलं हिला आवडत न्हाई मी बोललेलं. म्हशीच्या बारीला बी असंच झाल्तं.”

“कुठल्या म्हशीच्या?”

“मंजू, नऊ वाजून गेले,” शिवराज मधेच म्हणाला. डबा तिच्या हातातून ओढून तो लिंबाखाली पळाला.

सत्तरचा जोड त्याने जबड्यात बसवला. या खेपेला दांडा जड लागला, आणि जड लागतोय हे कळून त्याला जरा बरं वाटलं. लगाला सहा कडा पडल्या. ओढून बघितलं, हललंसुद्धा नाही. दुसरं टोक दाबलं. केबल गाडीत टाकून बोल्ट आवळताना तो मागे वळून बघत नव्हता, पण ओसरीतून दोघींचे आवाज येत होते. आधी एकीचा, मग दुसरीचा, मग दोघींचे एकदम. त्याला शब्द कळत नव्हते. किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. सव्वा महिन्यात एवढ्या सहज ती कधी सुरू झाली नव्हती, आणि ते बघायला त्याच्याजवळ कुणी नव्हतं.

मंजुश्रीने व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, आता ठोक नको, रस्त्याला बसून किरकोळ विका, निम्मा माल तरी खपेल.

“मी बसते इकायला,” चंद्रभागाबाई म्हणाल्या. नवं लुगडं नेसूनच त्या गाडीत चढल्या, खिडकीशी बसल्या. मंजुश्री मधे. शिवराजने गाडी रस्त्याला घातली. बीदर पाऊण तासावर होतं.

गाव मागे पडलं. मग चंद्रभागाबाईंनी सुनेच्या मांडीवर हात ठेवला आणि विचारलं, “तुला शेणाचा कंटाळा हाय व्हय गं?”

“मला? माहेरी चार म्हशी हायत आमच्या.”

म्हातारीने “बरं” म्हटलं. शिवराजने उगाच हॉर्न वाजवला. पुढे रस्ता मोकळा होता. आता एकेक बाहेर निघणार हे त्याला दिसत होतं. दुसरी म्हैस, घराचा रंग, चंद्रभागाबाईंच्या बहिणीकडचं लग्न. ती सगळी निघाली तरी चालतील, त्याला वाटलं, मी पाया पडेन, हसण्यावारी नेईन. फक्त एक निघायला नको. ती गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची होती, लग्नाच्या पहिल्या वर्षातली. तो ती विसरला नव्हता. मंजुश्री विसरली असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. त्याने ॲक्सिलरेटर दाबला.

मंजुश्रीने मांडीवरचा सासूचा हात धरला. मग ती अगदी शांतपणे म्हणाली, “आत्या, एक इचारू? माझा बीदरला बीएडला नंबर लागल्ता. तवा तुमी कामून नको म्हणलाव?”

चंद्रभागाबाईंनी तिच्याकडे तोंड वळवलं.

“कुठलं बीएड?”

 मंजुश्री शिवराजकडे वळली.

“सांगा,” ती म्हणाली. “आता तुमीच सांगा मायला, कुठलं बीएड ते.”